टिलर म्हणजे यंत्र की फुटवा?

प्रश्न : गव्हाच्या बियाण्याच्या पिशवीत इंग्रजी माहितीपत्रक होतं. त्यात ‘टिलरिंग स्टेज’ला पाणी आणि नत्र द्या असं लिहिलंय. टिलर म्हणजे मशागतीचं यंत्र एवढं माहीत होतं. मग उभ्या पिकात मशागत करायची की काय? शब्दकोशात तर टिलरचा अर्थ नावेच्या सुकाणूचा दांडा असाही दिलाय!

उत्तर : यंत्र गोठ्यातच राहू द्या. इथे टिलर म्हणजे फुटवा, रोपाच्या बुडातून येणारा नवा कोंब, आणि टिलरिंग स्टेज म्हणजे फुटवे फुटण्याची अवस्था.

घोळ होणं साहजिक आहे, कारण एकाच स्पेलिंगमागे तीन वेगळे शब्द आहेत. यंत्राचा टिलर ‘टिल’ म्हणजे जमीन कसणे या क्रियापदापासून आला. फुटव्याचा टिलर जुन्या इंग्रजीतल्या कोंब, डहाळी या अर्थाच्या शब्दाचा वंशज. सुकाणूचा टिलर फ्रेंचमधून आला आणि मुळात तो विणकराच्या मागावरचा दांडा. पोटातली कळ आणि यंत्राची कळ यांचा जेवढा संबंध, तेवढाच या तिघांचा. म्हणून एकाच्या अर्थावरून दुसऱ्याचा अंदाज बांधू नका, शेजारचे शब्द बघा. आधी ‘पॉवर’ किंवा ‘रोटरी’ असेल तर यंत्र. ‘पर प्लांट’, ‘पर स्क्वेअर मीटर’ असं मोजमाप आलं की फुटवे. भाताच्या माहितीत ‘टिलर्स पर हिल’ असतं. तिथला हिल म्हणजे टेकडी नव्हे, चूड, एका जागी एकत्र लावलेल्या रोपांचा झुपका. म्हणजे एका चुडातले फुटवे.

क्रियापदही सांभाळा. ‘द व्हीट इज टिलरिंग’ म्हणजे गहू फुटतोय. शेत नांगरलं हे सांगायचं तर ‘द फील्ड वॉज टिल्ड’. तिथे ‘टिलर्ड’ चालत नाही. आणि स्पेलिंगमध्ये दोन एल हवेत. एकच एल लिहिलात तर तो ‘टाइलर’, म्हणजे फरशी बसवणारा.

अर्थ पक्का करायचा तर शेतात जा. पेरणीला तीनसाडेतीन आठवडे झाले की एक रोप ओढून न काढता खुरप्याने मातीसकट उचला आणि मुळं पाण्यात हलकेच धुवा. मधलं सगळ्यात जाड ते मुख्य खोड. सर्वांत खालच्या पानाचं आवरण नखाने खोडापासून अलगद दूर करा. त्या बेचक्यातून जो चपटा कोंब वर येतो, तो पहिला टिलर. साधारण चौथं पान डोकावू लागतं तेव्हा पहिल्या पानाच्या बेचक्यात तो दिसायला लागतो. पाचव्या पानाच्या वेळी दुसऱ्या पानाच्या बेचक्यातला, असा क्रम चालतो. एखाद्या बेचक्यात काहीच नसेल तर त्या दिवसांत रोपाला काहीतरी कमी पडलं असं समजा : बी खोल पडलं, पेरणी दाट झाली, नत्र नव्हतं किंवा जमीन वाळली. ती वेळ टळली की त्या बेचक्यातला फुटवा सहसा मागाहून भरून निघत नाही. गव्हाची मुकुटमुळं, म्हणजे खोडाच्या बुडातून येणारी कायमची मुळं, पेरणीनंतर 18 ते 21 दिवसांच्या सुमारास सुटतात आणि फुटव्यांची सुरुवातही त्याच आसपास होते. माहितीपत्रकातला पाण्याचा आणि नत्राचा सल्ला त्यासाठीच आहे.

प्रश्न : फुटवे भरपूर दिसतात, ओंब्या मात्र कमी. ‘इफेक्टिव्ह टिलर’ म्हणतात ते काय?

उत्तर : ज्या फुटव्याला दाणे भरलेली ओंबी येते तो इफेक्टिव्ह टिलर. यालाच ‘प्रॉडक्टिव्ह टिलर’ही म्हणतात. बाकीचे फुटवे हिरवे दिसतात, पण उत्पादनात धरायचे नाहीत.

असं का होतं? फुटव्याला साधारण तीन पानं आली की तो स्वतःची मुळं सोडतो. तोवर त्याला मुख्य खोड पोसतं. पीक कांडी धरायला लागलं, म्हणजे खोड उंच वाढू लागलं, की खोडाची स्वतःचीच भूक वाढते आणि उशिरा आलेले, बिनमुळांचे, सावलीतले फुटवे वाळून जातात. म्हणजे फुटवे लवकर येणं हे पुष्कळ येण्यापेक्षा महत्त्वाचं.

मोजायचं असेल तर ओंब्या बाहेर पडल्यावर मोजा. एका ओळीत 1 मीटर अंतरात ओंबी असलेली खोडं मोजायची. ओळींत 20 सेंमी अंतर असेल तर आकड्याला 5 ने गुणा, 22.5 सेंमी असेल तर 4.44 ने. 20 सेंमीवर मीटरभरात 70 निघाले तर चौरस मीटरला 350 झाले. शेतात चारपाच ठिकाणी मोजून सरासरी काढा. बांधालगतची ओळ धरू नका, तिथे ऊन जास्त मिळतं आणि आकडा फुगतो. एक मेख आहे. काटेकोर बोलायचं तर मुख्य खोड टिलरमध्ये येत नाही, पण पुष्कळ तक्त्यांत ते धरलेलं असतं. वर सांगितलेल्या मोजणीतही ते आलंच. दोन तक्त्यांची तुलना करण्याआधी हे तपासा, नाहीतर दर रोपामागे एकाचा फरक पडेल.

प्रश्न : उसाला आणि केळीलाही टिलरच म्हणायचं का?

उत्तर : उसाला हो. पहिला येतो तो जेठा कोंब, इंग्रजीत ‘मदर शूट’, आणि त्याच्या बुडातून येणारे ते टिलर. बाळबांधणीत, म्हणजे बुडाला पहिल्यांदा हलकी माती लावताना, माती फार चढवली तर कोवळे फुटवे गाडले जातात. नंतरच्या मोठ्या बांधणीत, म्हणजे भरपूर माती चढवताना, मात्र नवे फुटवे थांबवणं हाच एक हेतू असतो. अगदी उशिरा येणारे जाडजूड, पाणीदार, साखरेला कमी ते ‘वॉटर शूट’, आपले पाणकोंब.

केळीला टिलर म्हणत नाहीत; तिचा मुनवा, बुंध्याजवळून येणारं पिल्लू, म्हणजे ‘सकर’. ऊस तोडल्यावर पुन्हा वाढवलेला खोडवा तो ‘रॅटून’. टिलर हा एक कोंब आहे, रॅटून हे अख्खं पीक. कापूस, तूर यांच्या फांद्यांना साधं ‘ब्रँच’ म्हणा. टिलर हा शब्द गवताच्या कुळातल्या पिकांसाठी राखलेला आहे.

प्रश्न : ‘टिलेज’ आणि ‘टिल्थ’ एकच ना?

उत्तर : नाही. टिलेज म्हणजे मशागत, ती तुम्ही करता. टिल्थ म्हणजे मशागतीनंतर मातीला आलेली भुसभुशीत घडण. ओल्या रानात नांगर घातला तर टिलेज होतं, टिल्थ मिळत नाही, ढेकळं मिळतात.