निकाल लावू नकोस, शेवट लिही

अरे, तुझ्या सिनेमाच्या स्क्रिप्टचा ड्राफ्ट वाचला. पोरं एकदम खरी उतरलीयत, खास करून तो गच्चीवरचा सीन, तिघं काही न बोलता नुसते मोबाइलमध्ये डोकं घालून बसतात तो. पण शेवटाला काय झालं तुला? एक ॲक्सिडेंटमध्ये गेला, एक जेलमध्ये, तिसरा एकदम सुधारून आईच्या पाया पडतो... तू तर बसून तिघांचा निकालच लावलास की!

फ्रेंच दिग्दर्शक त्रुफोचा 'द 400 ब्लोज' हा सिनेमा परत बघ, 1959 चा. सगळे त्या शेवटच्या फ्रीझ फ्रेमबद्दल, म्हणजे चित्र गोठतं त्याबद्दल बोलतात, तू त्याच्या आधीचं बघ. सुधारगृहात फुटबॉल चाललाय, त्यातला पोरगा अंत्वान बाहेरून बॉल आत टाकतो आणि टाकल्या टाकल्या कुंपणाखालून सटकतो, मग नुसता पळतोय पळतोय, कॅमेरा त्याच्या बाजूने, म्युझिक नाही काही नाही, पावलांचा आवाज तेवढा, मिनिटभराच्या वर एकच शॉट. तू तिथे चार कट मारले असतेस, खरं सांग.

आणि पळत तो ज्या समुद्रापाशी पोचतो ना, तो उगाच उपटलेला नाही हां. आधी त्याची आई न्यायाधीशाला विचारते, समुद्राजवळ कुठे ठेवता येईल का, तर तो म्हणतो बाई, ही काही सुट्टीची सहल नाही. मोठ्या माणसांच्या असल्या रुक्ष बोलण्यातच शेवट पेरून ठेवलाय. पोरगा पाण्यापर्यंत पोचतो, पुढे पळायला जागाच नाही, वळतो, आपल्याकडे बघतो, संपलं. पकडला का, सुधारला का, काही सांगत नाहीत.

'फँड्री' सिनेमात त्या पोराचा, जब्याचा, शेवटचा दगड थेट कॅमेऱ्यावर येतो आणि पडदा काळा. तोपर्यंत आपण त्याच्या घरच्यांना हसणाऱ्या गर्दीतच उभे असतो, म्हणून तो लागतो. नुसतं कॅमेऱ्याकडे बघणारं पोरगं आता कुठल्याही शॉर्टफिल्ममध्ये मिळतं, ते कॉपी करू नकोस, वैताग आलाय मला त्याचा.

तुझा धाकटा सुरुवातीलाच म्हणतो ना, एक रात्र कुणी शोधणार नाही अशा ठिकाणी जायचंय? मग ने की त्याला तिथे. सकाळ झाली आणि खरंच कुणी शोधायलाच आलं नाही तर? मला वाटतं त्याला ते जेलपेक्षा जास्त लागेल.

इन्स्पेक्टरचं भाषण मात्र आधी उडव, त्या बिचाऱ्याला अख्ख्या सिनेमात दुसरं कामच नाही. नवीन लिहिलंस की नुसती शेवटची पानं पाठवलीस तरी चालेल.