ओ-थ्रीची फ्रेम करडी का येते

जुळे सोलापुरातली गच्ची, ८० मिमी एफ/६ (नाभीय अंतर व्यासाच्या सहापट) दुर्बीण, कूलिंगचा मोनो (कृष्णधवल) कॅमेरा, ७ नॅनोमीटरचे (तेवढ्याच रुंदीचा प्रकाश सोडणारे) फिल्टर. रोझेट तेजोमेघाचा एच-अल्फा (हायड्रोजनचा लाल प्रकाश) सुरेख येतो, पण तेवढाच वेळ देऊनही ओ-थ्री (ऑक्सिजनचा निळा-हिरवा प्रकाश) करडा, खरखरीत आणि तारे फुगलेले, अशी तुमची अडचण आहे. फिल्टरवर इतक्यात संशय नको. दोन्ही फिल्टरना सारखं वागवलं, इथेच चुकतंय.

एच-अल्फाची रेषा ६५६.३ नॅनोमीटरला, ओ-थ्रीची मुख्य रेषा ५००.७ ला. रोझेटमध्ये ऑक्सिजनचा प्रकाश मुळातच क्षीण, आणि तोही मधल्या एनजीसी २२४४ तारकागुच्छाभोवती एकवटलेला. शिवाय हवा चांदणं विखुरते ते लालपेक्षा निळ्या-हिरव्या भागात जास्त, त्यामुळे चंद्र असला की ओ-थ्रीची पार्श्वभूमी लगेच वर चढते. पौष पौर्णिमेचा चंद्र पुष्याजवळ, म्हणजे रोझेटपासून जेमतेम ३५ अंशांवर असतो. त्या रात्री ओ-थ्री लावूच नका, एच-अल्फा घ्या.

जानेवारीअखेर रोझेट रात्री सव्वादहाच्या सुमारास मध्यमंडलावर येतो, सोलापुरातून तब्बल ७७ अंश उंच. त्याच्या आधीचे दोन आणि नंतरचे दोन तास फक्त ओ-थ्रीला द्या. तेवढ्यात तो ५८ अंशांखाली उतरत नाही. अमावस्येजवळच्या अशा दोन रात्री मिळाल्या की ३०० सेकंदांच्या ९६ फ्रेम, म्हणजे ८ तास होतात. एच-अल्फाला ४ तास पुरतात. वेळ दुप्पट केला तरी सिग्नल-नॉइज (खऱ्या प्रकाशाचं खरखरीशी प्रमाण) १.४ पटच सुधारतो, म्हणून अर्धा तास वाढवून फरक दिसणार नाही.

तारे फुगतात ते बहुतेक वेळा फोकसमुळे. एच-अल्फावर फोकस करून तसाच फिल्टर बदलला, तर दोन भिंगांच्या दुर्बिणीत ओ-थ्रीचा फोकस सरकलेला असतो. एफ/६ ला फोकसमध्ये सूट सुमारे ९० मायक्रॉनची, साध्या कागदाच्या जाडीएवढी. फिल्टर बदलला की बाहतिनोव मास्क (फोकस नेमका दाखवणारी खाचांची चकती) लावून प्रश्वा या ठळक ताऱ्यावर ५-५ सेकंदांच्या फ्रेम घेऊन फोकस करा, आणि रात्र गार होत जाते तसा तासा-दीड तासाने पुन्हा तपासा. एवढं करूनही फक्त ठळक ताऱ्यांभोवती गोल वलय राहिलं, तर ते फिल्टरमधलं परावर्तन. फिल्टर उलटा बसवून बघा.

फ्लॅट (धुळीचे डाग काढण्यासाठी सारख्या उजेडात घेतलेल्या फ्रेम) प्रत्येक फिल्टरचे वेगळे घ्या (धूळ प्रत्येकावर वेगळी असते), आणि ते होईपर्यंत कॅमेरा फिरवू नका. थंडीत सेन्सर उणे १० ला सहज टिकतो. एप्रिल-मेमध्ये तो हट्ट सोडा, ० ठेवा. कूलर १०० टक्क्यांवर गेला की तापमान हलतं आणि डार्क (झाकण लावून त्याच तापमानाला घेतलेल्या फ्रेम) जुळत नाहीत. उन्हाळ्यात स्लॅब मध्यरात्रीपर्यंत उष्णता सोडतो आणि तारे थरथरतात. संध्याकाळी गच्चीवर पाणी मारा, ओल पूर्ण वाळल्यावरच सामान मांडा.

सिरिल या सॉफ्टवेअरमध्ये ओ-थ्रीचा ग्रेडियंट (पार्श्वभूमीचा कमी-जास्त उजेड) एकट्या त्याच स्टॅकवर (एकत्र केलेल्या फ्रेमवर) काढा, स्टारनेट या प्रोग्रामने तारे वेगळे करा, मग स्ट्रेच करा (अंधुक भाग उजळवा). एच-अल्फाशी जोडणी त्यानंतर: लालला एच-अल्फा, हिरव्या-निळ्याला ओ-थ्री. आधी जोडून मग स्ट्रेच केलं तर लाल रंग सगळं गिळतो.

पुढे पैसे घालायचे झाले तर आधी फक्त ओ-थ्रीचा ३ नॅनोमीटरचा फिल्टर घ्या. आकाशाचा उजेड निम्म्याहून कमी होतो, तेजोमेघाची रेषा मात्र जवळजवळ तशीच राहते. तुमच्या एफ/६ ला तो बिनधास्त चालेल. एफ/२ च्या दुर्बिणीला मात्र त्यासाठी खास बनवलेलाच लागतो, कारण तिरक्या किरणांमुळे फिल्टरचा पट्टा कमी तरंगलांबीकडे सरकतो आणि रेषा बाहेर पडते.