मॅडम, याचं अजून काहीच ठरलेलं नाही

बारावीचं वर्ष अर्धं सरलं की माझ्या करिअर समुपदेशनाच्या खोलीबाहेरच्या खुर्च्या पालकांनी भरायला लागतात. त्या दिवशी आलेल्या आईंनी बसता बसताच सुरुवात केली. "याच्या वर्गातल्या सगळ्यांचं ठरलंय. चुलत बहिणीचं तर आठवीतच ठरलं होतं. याला विचारावं तर म्हणतो, माहीत नाही. याला काही आवडतच नाही हो मॅडम. आता अर्ज भरायची वेळ आली, आणि एकदा चुकलं की आयुष्याचं वाटोळं." वडील गप्प होते. मुलगा भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होता. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेत.)

"सगळ्यांचं ठरलंय" यावर माझा फारसा विश्वास नाही. अशी ठरलेली मुलंही माझ्याकडे येतात, आणि दार लोटून घेतलं की त्यातली बरीच जण सांगतात, लोकांनी विचारणं थांबवावं म्हणून एक उत्तर तयार ठेवलंय. या मुलाला ते जमलं नव्हतं, इतकंच.

पुढच्या भेटीत त्याला अभिरुची चाचणी दिली. जॉन हॉलंड या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने 1959 मध्ये मांडलेल्या सहा प्रकारांवर अशा बऱ्याच चाचण्या बेतलेल्या असतात. हाताने करायची कामं, शोध घेण्याची, कलेची, माणसांना मदतीची, पुढाकार घेऊन लोकांना राजी करण्याची आणि नीटनेटक्या नोंदी-हिशेबाची. प्रत्येक कामापुढे खूण करायची: आवडेल, आवडणार नाही, सांगता येत नाही. मग आलेख निघतो आणि कुठले उंचवटे मोठे ते कळतं.

याच्या आलेखाला उंचवटाच नव्हता. पानामागून पान "सांगता येत नाही".

असा सपाट आलेख समोर आला की मला माझी एक जुनी चूक आठवते. नवी होते तेव्हा एका मुलीच्या आईवडिलांना तिच्यासमोरच मी सांगून टाकलं होतं, "हिच्यात कुठलीच आवड विकसित झालेली दिसत नाही." पुढे दोन-तीन वर्षांनी ती भेटली तेव्हा ते वाक्य तिला शब्दन् शब्द पाठ होतं. सपाट आलेखातून एवढंच कळतं की या कागदावर फरक दिसला नाही. का दिसला नाही, ते विचारावं लागतं. पोराने फारसं काही करूनच पाहिलेलं नसतं. किंवा मन खूप दिवस उदास असतं आणि कशातच जीव रमत नसतो; मग करिअर बाजूला ठेवून आधी त्याची चौकशी करावी लागते, गरज पडली तर डॉक्टरांकडे पाठवावं लागतं. किंवा आपलं खरं उत्तर घरी चालणार नाही, हे त्याला आधीच ठाऊक असतं.

याची झोप, भूक, मित्र सगळं ठीक होतं. मग मी कागद खिडकीपाशी नेऊन तिरका धरला. सात-आठ ठिकाणी पेन्सिलची खूण खोडलेली होती. आधी "आवडेल", मग खोडरबर, मग "सांगता येत नाही". एका ओळीवर तर इतकं घासलं होतं की कागदाचा पापुद्रा निघाला होता. ती ओळ होती, आजारी किंवा अपंग व्यक्तीला रोजच्या कामात मदत करणे.

मी खोडलेल्याचा विषय काढला नाही. विचारलं, "घरी कोण कोण असतं?"

"आई, बाबा, मी. आणि आजी." थोडं थांबून म्हणाला, "आजीला दोन वर्षांपूर्वी अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात नीट चालत नाही."

"मग जेवण?"

"आता जेवते स्वतः. आधी चमचा निसटायचा. दांडा बारीक असतो ना, तिची मूठ तेवढी वळत नाही. मग मी माझ्या जुन्या सायकलच्या हँडलची रबरी मूठ काढली आणि चमच्यावर चढवली. ताटली सरकायची, तर खाली ओलं फडकं. बटणं तिला जमत नाहीत, म्हणून ब्लाउजला आईकडून वेल्क्रो लावून घेतलं. वरून बटणं तशीच शिवलीत, कारण तिला ते बटणांचंच दिसायला हवं होतं."

शेवटचं वाक्य मी वहीत तसंच उतरवून घेतलं. चमच्याचा दांडा जाड करणं एक वेळ कुणालाही सुचेल. आजीला काय दिसायला हवंय हे विचारायचं या पोराला कुणी शिकवलं नव्हतं.

"आणि हे तुला आवडत नाही?"

"ते काय करिअर आहे का मॅडम? आणि मुलगा असून..." पुढचं बोलला नाही.

मी त्याला सांगितलं की हे काम रोज करणारी, त्यासाठी पदवी घेतलेली माणसं असतात. ऑक्युपेशनल थेरपी म्हणतात त्याला. अमेरिकेत या व्यवसायाची पहिली राष्ट्रीय संस्था 1917 मध्ये स्थापन झाली, म्हणजे क्षेत्र काही कालचं नाही. त्याच्याच शेजारी प्रोस्थेटिक्स आणि ऑर्थोटिक्स, कृत्रिम हातपाय आणि आधाराचे पट्टे-साचे घडवायचं काम. माणूस समजून घ्यायचा आणि वस्तूही घडवायची, अशी दोन टोकं त्यात एकत्र येतात. याने दोन्हीकडच्या खुणा खोडल्या होत्या.

इथेच "मिळालं हो उत्तर!" म्हणून टाळी वाजवायचा मोह होतो. मला तो होतो, हे कबूल. पण चमच्यावर मूठ चढवली म्हणजे चार-पाच वर्षं शरीररचनाशास्त्रासारखे विषय वाचायला आवडेलच असं नाही. म्हणून त्याला काम बघायला पाठवायचं ठरवलं. जाताना एकच सूचना दिली. "तुम्हाला काम आवडतं का?" असं कुणालाच विचारू नकोस, सगळे हो म्हणतात. विचार, "काल सकाळी आल्यापासून काय काय केलंत?" आणि मध्ये न बोलता ऐक.

तोवर आईवडिलांना पुन्हा बोलावलं. या वेळी वडील बोलले. "मॅडम, समजा हे घेतलं आणि दोन वर्षांनी म्हणाला, चुकलं. तर?"

हा प्रश्न रास्त आहे, "काही बिघडत नाही हो" म्हणून त्याची बोळवण करू नये. वर्ष जातं, पैसे जातात. पण वाटोळं? फ्रँक पार्सन्स यांनी 1908 मध्ये बॉस्टनमध्ये तरुणांना व्यवसायनिवडीत मदत करणारं केंद्र काढलं. आमच्या पेशाचा आरंभ तिथून धरतात. ते स्वतः इंजिनिअरिंग शिकले, मग शिक्षक झाले, मग वकील, मग कायद्याचे अध्यापक. करिअरमधल्या योगायोगांवर सिद्धांत मांडणाऱ्या जॉन क्रंबोल्ट्झ यांची गोष्ट मला त्याहून आवडते. कॉलेजात मुख्य विषय कळवायची मुदत संपत आली तेव्हा त्यांनी आपल्या टेनिसच्या प्रशिक्षकांना विचारलं. ते प्रशिक्षक मानसशास्त्र शिकवायचे, तेव्हा क्रंबोल्ट्झनी मानसशास्त्र घेतलं! वडील पहिल्यांदाच हसले.

मग कागदावर दोन रकाने केले. या वर्षी सोडलं तर पुढे मिळवणं अवघड, असं डावीकडे. नंतरही बदलता येईल असं उजवीकडे. आरोग्यक्षेत्रात जायची शक्यता असेल तर जीवशास्त्र डावीकडे. अर्जांच्या तारखा डावीकडे. नेमकी कुठली शाखा, पुढे कशात विशेष अभ्यास, कुठे नोकरी, हे सगळं उजवीकडे गेलं. डावा रकाना चार ओळींत संपला. आईंनी तो कागद मागून घेतला आणि घडी घालून पर्समध्ये ठेवला. अर्ज तीन प्रकारच्या अभ्यासक्रमांना करायचे ठरले, त्यातला एक वडिलांच्या मनासारखा.

मुलगा तीन दिवस एका पुनर्वसन केंद्रात बसून आला. वहीत सगळं लिहून आणलं होतं. तिथल्या थेरपिस्ट ताई सकाळचा बराच वेळ रुग्णांच्या नोंदी लिहीत होत्या, ते बघून कंटाळा आला. प्लास्टरचा वास डोक्यात गेला. एक आजोबा व्यायामाला चक्क नाही म्हणाले, तेव्हा त्या ताई वाद न घालता त्यांच्या शेजारी नुसत्या बसून राहिल्या. ते त्याने दोन पानं लिहिलं होतं. साचे बनवायच्या खोलीत तिसऱ्या दिवशी जेवणाची सुट्टी कधी झाली ते कळलं नाही, असंही.

"मॅडम, तो फॉर्म परत भरू?"

भरला. या वेळी खोडरबर मागितला नाही. हिशेब तपासणे, आवडणार नाही. लोकांसमोर भाषण करणे, आवडणार नाही. वस्तू विकणे, नाही. मशीन जुळवणे, आवडेल. प्रयोगशाळेत एकट्याने काम, नाही. वर्गाला शिकवणे, नाही. आजारी किंवा अपंग व्यक्तीला रोजच्या कामात मदत करणे, आवडेल. ती खूण जरा ठळकच होती.

आईंनी कागद वरपासून खालपर्यंत बघितला आणि त्यांचा चेहरा पुन्हा उतरला. "मॅडम, यात तर 'नाही'च जास्त आहेत."

"हो ना," मी म्हटलं, "मागच्या वेळी एकही नव्हतं."