वाचकांचे प्रश्न : प्राचीन ग्रीक मुळातून शिकावी का?

प्रश्न : मी पुण्यात संस्कृत विषय घेऊन बी.ए.च्या शेवटच्या वर्षात शिकते. इंग्लंडमधील एखाद्या विद्यापीठात प्राचीन ग्रीक भाषा आणि साहित्य यांचा पुढील अभ्यास करण्याची माझी इच्छा आहे. होमर, सोफोक्लीझ आणि प्लेटो मी इंग्रजी भाषांतरांतून वाचले आहेत. मात्र ग्रीक लिपीही मला वाचता येत नाही. भाषा न शिकता हा अभ्यास करता येईल का? शिकायची झाल्यास संस्कृतचा कितपत उपयोग होईल? — एक विद्यार्थिनी, पुणे

उत्तर : तुमच्या पहिल्या प्रश्नाचे नियमांपुरते उत्तर असे, की काही ठिकाणी करता येईल. इंग्लंडमध्ये ग्रीक आणि रोमन संस्कृतीचा अभ्यास भाषांतरांच्या आधारे करण्याची सोय असलेले पदवी अभ्यासक्रम आहेत, आणि अमेरिकेत प्रिन्स्टन विद्यापीठाने २०२१ साली या विषयाच्या पदवीसाठी असलेली ग्रीक अथवा लॅटिनची सक्ती काढून टाकली. परंतु तुम्हाला साहित्याचा अभ्यास करायचा आहे, आणि ग्रीक साहित्याच्या पदव्युत्तर वर्गात भाषेवाचून तुमचे काहीही चालणार नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. सोफोक्लीझची संपूर्ण स्वरूपातील केवळ सात नाटके आज हाती आहेत. हस्तलिखितांतील पाठभेदांपैकी कोणता स्वीकारावा, अमुक ओळ कोणत्या पात्राच्या तोंडी आहे, यांसारख्या प्रश्नांपासूनच त्यांच्यावरील चर्चा सुरू होते. भाषांतरकाराने या प्रश्नांचा निकाल आधीच लावलेला असतो, त्यामुळे भाषांतराच्या वाचकाला ते प्रश्न दिसतही नाहीत.

संस्कृतचा उपयोग पुष्कळ होईल. द्विवचन, आत्मनेपद, विध्यर्थ आणि क्रियापदाच्या आरंभीच्या अक्षराची द्विरुक्ती या गोष्टी इंग्रज विद्यार्थ्याला नव्याने समजावून घ्याव्या लागतात. तुमच्यासाठी ती ओळखीची माणसे आहेत. भूतकाळी क्रियापदापूर्वी येणारा संस्कृतातील ‘अ’ ग्रीकमध्ये ‘ए’ होऊन येतो, ‘ददामि’ तेथे ‘दिदोमि’ होते, आणि सति सप्तमीचे (‘अमुक घडले असता’ अशा अर्थाच्या रचनेचे) काम ग्रीकमध्ये षष्ठी करते. विभक्ती मात्र संबोधन धरून पाचच आहेत, कारण तृतीया आणि सप्तमी यांचे काम चतुर्थीने, तर पंचमीचे षष्ठीने आपल्याकडे घेतले आहे.

तथापि एका ठिकाणी संस्कृतची सवय घात करते, आणि त्याविषयी थोडे विस्ताराने लिहिणे आवश्यक वाटते. लङ्, लुङ् आणि लिट् या संस्कृतातील भूतकाळाच्या तीन रूपांतील भेद पाणिनीने क्रिया आजची की त्यापूर्वीची, डोळ्यांसमोर घडलेली की परोक्ष, या कसोटीवर सांगितला असला, तरी पुढील काव्यांत आणि कथाग्रंथांत ही तिन्ही रूपे बहुधा एकाच अर्थाने येतात. संस्कृतचा विद्यार्थी त्यामुळे भूतकाळाचे कोणतेही रूप दिसले की ‘झाले’ असा अर्थ करून पुढे जातो. ग्रीकमध्ये तसे करता येत नाही. तेथे भेद काळाच्या अंतराचा नसून क्रियेकडे पाहण्याच्या दृष्टीचा आहे : ‘एपेइथोन’ म्हणजे ‘मी त्याचे मन वळवत होतो’, आणि ते वळले की नाही हे अजून सांगितलेले नाही, ‘एपेइसा’ म्हणजे ‘मी त्याचे मन वळवले’. हिरोडोटस किंवा झेनोफोन या इतिहासकारांच्या कथनात एखादा दूत यशस्वी झाला की केवळ खटपट करत राहिला, हे कित्येकदा एवढ्या एका रूपावरून ठरते. येथे संस्कृतपेक्षा आपली मराठीच अधिक कामी येते, कारण ‘वळवत होतो’ आणि ‘वळवले’ हा भेद आपण बोलताना रोज सहज पाळतो.

प्रवेशाविषयी सांगायचे, तर ग्रीक साहित्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमांना भाषेचे भक्कम ज्ञान बहुधा आधीच अपेक्षित असते, तर प्राचीन इतिहास किंवा पुरातत्त्व घेणाऱ्यांसाठी अनेक विभाग नवशिक्यांचे वर्ग चालवतात. ऑक्सफर्डच्या चार वर्षांच्या पदवीला ग्रीक आणि लॅटिन अजिबात न शिकलेल्यांनाही प्रवेश मिळतो. परंतु पुन्हा पदवीपासून आरंभ करणे खर्चाचे आहे, म्हणून निघण्यापूर्वी वर्ष-दीड वर्ष येथेच भाषेसाठी द्यावे, असे मी आग्रहाने सुचवते. आरंभ अथेन्सच्या ॲटिक बोलीपासून करावा, होमरपासून नव्हे. होमरची भाषा आयोनिक आणि एओलिक या बोलींच्या रूपांच्या मिश्रणातून घडलेली आहे आणि ॲटिक पक्की नसेल तर तिच्यात नवा वाचक हरवतो. ॲटिक व्याकरण पूर्ण झाले की लिसियसचे एखादे न्यायालयीन भाषण आणि प्लेटोने लिहिलेले सॉक्रेटिसचे बचावाचे भाषण वाचावे. परीक्षेत पूर्वी न पाहिलेला उतारा शब्दकोशावाचून लावावा लागतो, तेव्हा रोज दहा ओळी भाषांतर मिटून ठेवून वाचण्याची सवय आतापासूनच करा. पुढे संशोधन करायचे असेल, तर लॅटिन आणि वाचण्यापुरती जर्मन यांचीही तयारी ठेवावी लागेल.

प्रश्न : मी निवृत्त अभियंता आहे. ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात कल्याण, सोपारा आणि पैठण यांचे उल्लेख आहेत असे वाचले. विद्यापीठात न जाता, या वयात, तो मुळातून वाचण्याइतकी ग्रीक येईल का? — एक वाचक, ठाणे

उत्तर : नक्कीच येईल, आणि तुमची निवड उत्तम आहे. ‘पेरिप्लस’ म्हणजे सागरी प्रवासमार्गाचे वर्णन. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील त्याचा अनामिक लेखक इजिप्तमधून तांबड्या समुद्रामार्गे व्यापार करणाऱ्यांपैकी असावा. त्याची ग्रीक साहित्यिक नाही. वाक्ये साधी आहेत आणि व्यापारी मालाची नावे लक्षात राहिली की निम्मे काम होते. ग्रंथही लहान, ६६ प्रकरणांचा आहे. कठीण आहे ती त्याची संहिता. ती मुख्यतः हायडेलबर्ग येथील दहाव्या शतकातील एका हस्तलिखितावर अवलंबून आहे आणि त्यात लेखनिकाच्या चुका पुष्कळ आहेत. कल्याणविषयीचे ५२वे प्रकरण याचा उत्तम नमुना आहे. थोरल्या सारगनसच्या (हा बहुधा सातवाहन राजा) काळी अधिकृत बाजारपेठ असलेल्या या बंदराचा व्यापार पुढे दुसऱ्या एका सत्ताधीशाने अडवला, आणि तेथे येणारी ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जाऊ लागली, असे लेखक सांगतो. या दुसऱ्या सत्ताधीशाचे नाव कसे वाचावे आणि तो कोण, यावर सातवाहनांचे अभ्यासक आजही वाद घालतात. मूळ अक्षरे डोळ्यांसमोर असल्याशिवाय त्या वादातील कोणाचे म्हणणे पटण्याजोगे आहे, हे ठरवता येत नाही.

‘रीडिंग ग्रीक’ हे पाठ्यपुस्तक आणि स्वतःच्या बळावर शिकणाऱ्यांसाठी तयार केलेली त्याची उत्तरांसहित जोडपुस्तिका घ्यावी. लिडेल आणि स्कॉट यांचा १८४३ साली प्रथम निघालेला ग्रीक-इंग्रजी कोश टफ्ट्स विद्यापीठाच्या ‘पर्सियस’ या संकेतस्थळावर विनामूल्य पाहता येतो. लायनेल कॅसन यांच्या १९८९च्या आवृत्तीत पेरिप्लसची ग्रीक संहिता आणि इंग्रजी भाषांतर दोन्ही आहेत. व्याकरण पुरे होताच तिच्यातील ४१ ते ५३ ही प्रकरणे आधी घ्या. भडोचपासून कोकणच्या बंदरांपर्यंतचा सारा भाग त्यांत आला आहे.