जुना पटर सोडावा का?

प्रश्न: डिस्क गोल्फमध्ये (चकती म्हणजे डिस्क फेकून साखळ्यांच्या टोपलीत टाकायचा खेळ) उजव्या हाताने बॅकहँड फेकतो. वर्षानुवर्षं वापरलेला माझा पटर (टोपलीजवळून फेकायची डिस्क) हल्ली उजवीकडे सरकतो. नव्या मॉडेलकडे वळू का?

उत्तर: मॉडेल नको, फक्त डिस्क बदला. मऊ बेस प्लास्टिक (सगळ्यात साधा प्रकार) साखळ्यांवर, झाडांवर आपटून झिजतं. मग उडताना शेवटी डिस्क डावीकडे वळते, ते वळण कमी होतं. तेच मॉडेल, तेच प्लास्टिक, जवळपास तेच वजन घ्या. खालच्या कडेवरून बोट फिरवून बघा: तिथला उंचवटा असणं-नसणं बदललं, की डिस्क हातातून वेगळी सुटते. वेगळं मॉडेल हवंच असेल, तर 5 आणि 10 मीटरवरून दोन्ही आळीपाळीने फेका आणि चुकलेल्या फेकी कुठल्या बाजूला गेल्या ते लिहून ठेवा. जुना मात्र जपा. उजवीकडे वळवायच्या छोट्या फेकींना तोच उत्तम!