अमेरिकेहून आणलेल्या मिक्सरची पिन बोर्डात बसत नाही, कापून आपली लावली तर चालेल का?

ताई, पिन अजून कापली नसेल तर आधी थांबा. तुम्ही लिहिलंय की भावाने अमेरिकेहून मिक्सर, दाढीचं मशीन आणि केस सरळ करायचं मशीन आणलंय, तिन्हीच्या पिना चपट्या आहेत आणि दुकानदार म्हणतो कन्व्हर्टर लावा नाहीतर पिन बदला. मी सिडकोत राहतो, नाशकातच वायरिंगची कामं करतो, परदेशातली पोरं घरी येऊन गेली की हा प्रश्न घेऊन कोणी ना कोणी येतंच.

मिक्सरची पिन बसत नाहीये हे चांगलंच आहे असं समजा. अमेरिकेत घरातली लाईन १२० व्होल्टची, आपली २३० ची. आणि दुकानात ज्याला कन्व्हर्टर म्हणून देतात तो व्होल्ट कमी करत नाही, फक्त पिनेचा आकार बदलतो, आतमध्ये पितळेच्या पट्ट्यांशिवाय काही नसतं.

पंचवटीतल्या एका मावशींकडे मुलाने राईस कुकर आणला होता, ५०० वॅटचा. त्यांच्याकडे ते सगळ्या पिना बसतात असं एक्सटेन्शन होतं, त्यात ती चपटी पिन आरामात बसली, त्यामुळे कोणाला शंकाच आली नाही. पाच मिनिटांत भात खालून काळा, घरभर वास आणि कुकर बंद. मी उघडला तर आतला थर्मल फ्यूज, म्हणजे फार तापलं की लाईन तोडणारा तो, गेलेला, प्लेटजवळच्या वायरचं प्लॅस्टिक वितळून खाली चिकटलेलं. मावशींचं म्हणणं होतं की एमसीबी, म्हणजे करंट जास्त झाला की आपोआप पडणारं मीटरजवळचं बटण, का नाही पडला मग. आता बघा, कॉईलला व्होल्ट जवळपास दुप्पट मिळाले की करंटही तेवढ्याच पटीत वाढतो, म्हणजे वॅट दुप्पट नाही तर साडेतीन पटीच्या वर जातात, ५०० चे झाले १८०० च्या पुढे. पण ते होतात फक्त ८ अँपियर, आणि त्यांचा एमसीबी १६ चा, तो कशाला पडेल. एमसीबी घरातली वायर वाचवायला असतो, तुमची वस्तू वाचवायला नाही.

म्हणून पिन बघायच्या आधी वस्तूच्या खाली किंवा चार्जरवर बारीक अक्षरात इनपुट लिहिलेलं असतं ते वाचा, मोबाईलने फोटो काढून मोठा करून बघा. १००-२४० असेल तर काही टेन्शन नाही, दाढीच्या मशीनचा चार्जर बहुतेक तसाच निघेल, त्याला साधा कन्व्हर्टर चालतो. केसांच्या मशीनचं मात्र अंदाजाने ठरवू नका, काही दोन्हीकडे चालतात, काही फक्त १२० वर. आणि मिक्सरवर नुसतं १२० असेल तर त्याची पिन अजिबात कापू नका, कारण एकदा आपली पिन लागली की आज तुम्हाला माहिती आहे, पण उद्या घरातलं दुसरं कोणी ती सरळ बोर्डात लावणार. त्याला स्टेप डाऊन ट्रान्सफॉर्मर, म्हणजे २३० चे १२० व्होल्ट करणाराच लागतो, मिक्सरच्या वॅटच्या निदान दीडपट तरी घ्या कारण मोटर सुरू होताना जास्त ओढते. चांगला ट्रान्सफॉर्मर हातात घेतला की विटेसारखा जड लागतो, हलका लागला तर घेऊ नका. खरं सांगू का, चटणी आणि सुका मसाला वाटायला आपला इथलाच मिक्सर बरा, एवढा खर्च करण्यापेक्षा हा अमेरिकेचा भावाला परत न्यायला सांगा.

दुबई किंवा इंग्लंडहून आणलेल्या वस्तूचं वेगळं आहे. तिकडे २३० च आहे, फक्त पिन चौकोनी तीन दांड्यांची, तिथे कापून आयएसआय मार्कची थ्री पिन लावली तरी चालतं, इस्त्री किटली असेल तर १६ अँपियरची. त्यांच्या पिनेच्या आत छोटा फ्यूज असतो तो आपल्याकडे जातो, म्हणून पॉईंटला एमसीबी बरोबर अँपियरचा हवा. आणि अर्थिंगची वायर सोडू नका!! टू पिनचा कन्व्हर्टर लावून इस्त्री वापरणारे खूप आहेत, इस्त्री चालते, पण आत वायर सुटून पत्र्याला लागली तर करंट थेट हातात येतो.

अजून एक, तुमच्या वायरमनला आवर्जून सांगा. अमेरिकन केबलमध्ये काळी वायर म्हणजे फेज, पांढरी न्यूट्रल, हिरवी अर्थिंग. आपल्याकडे जुन्या वायरिंगमध्ये लाल फेज आणि काळी न्यूट्रल, त्यामुळे हात सवयीने काळी न्यूट्रलला लावतो, मग वस्तूवरचं बटण बंद केलं तरी वस्तूच्या आत लाईन राहते. दुबईवाल्या केबलमध्ये तपकिरी फेज, निळी न्यूट्रल, हिरवी-पिवळी अर्थिंग.

केसांच्या मशीनवर इनपुटसमोर काय लिहिलंय ते इथेच टाका, बघून सांगतो. तोपर्यंत ते लावू नका.