दीर्घिकांचा समूह की गुच्छ?

प्रश्न असा आलाय की शेपली सुपरक्लस्टरच्या (म्हणजे अनेक गॅलेक्सी क्लस्टर जिथे दाटीने आहेत अशा भागाच्या) एक्स-रे निरीक्षणांवरचा मजकूर, शीर्षकासकट, मराठीत आणताना गॅलेक्सी क्लस्टरला दीर्घिकासमूह म्हणायचं की दीर्घिकागुच्छ, आणि सुपरक्लस्टरला मग काय म्हणायचं.

माझं मत गुच्छ. समूह हा शब्द आपण आधीच तारकासमूहासाठी वापरून टाकलाय आणि तिथे त्याचा अर्थ दिसायला एकत्र, बस एवढाच. मृगातलेच तारे घ्या, एक अडीचशे प्रकाशवर्षांवर तर दुसरा साडेआठशेच्या पुढे, एकमेकांशी काही घेणंदेणं नाही, आपल्याला इथून जवळजवळ दिसतात इतकंच. कृत्तिकांना मात्र आपण तारकागुच्छ म्हणतो, कारण त्या खरंच एकमेकींजवळ आहेत, एकत्रच जन्मल्यात. म्हणजे हा फरक मराठीत आहेच, तो पुसायचा कशाला?

आणि एक्स-रेचा विषय असेल तर हा फरक अजूनच महत्त्वाचा. खगोलशास्त्रज्ञ एबेलची दीर्घिकागुच्छांची १९५८ ची यादी फोटोप्लेटांवर नजरेने दीर्घिका मोजून केलेली, त्यात मागच्यापुढच्या दीर्घिका एका रेषेत येऊन उगाच गर्दी वाटायची शक्यता होतीच. एक्स-रेत तसं सहसा फसायला होत नाही. खऱ्या गुच्छात दीर्घिकांच्या मधल्या जागेत कोट्यवधी अंश तापलेला वायू असतो, इतका विरळ की एका घनमीटरला जेमतेम हजारेक कण, पण एकूण वजन भरलं तर सगळ्या ताऱ्यांपेक्षा कितीतरी जास्त, आणि एवढा तापलेला वायू उडून जात नाही कारण गुच्छाच्या गुरुत्वाकर्षणाने तो धरून ठेवलाय. साध्या फोटोत सुटे सुटे ठिपके दिसतात, एक्स-रे फोटोत त्याच जागी मध्ये उजळ आणि कडेला मंद होत जाणारा एकच सलग डाग दिसतो. फुलं सुटी दिसली तरी खाली देठ एकत्र बांधलेले असावेत तसं, म्हणून मला गुच्छ हा शब्द इथे फार आवडतो.

आता सुपरक्लस्टर. शेपली आपल्यापासून साधारण ६५ कोटी प्रकाशवर्षांवर, नरतुरंगाच्या दिशेला, हार्लो शेपली या खगोलशास्त्रज्ञाने १९३० मध्ये तिथली दीर्घिकांची गर्दी नोंदवली होती. या सुपरक्लस्टरच्या गाभ्यात एबेल ३५५६, ३५५८ आणि ३५६२ अशा यादी-क्रमांकांचे गुच्छ एका माळेत आहेत आणि रोसॅट या एक्स-रे उपग्रहाच्या निरीक्षणांत गुच्छांच्या मधल्या पट्ट्यातही मंद एक्स-रे दिसले, म्हणजे हे गुच्छ वेगवेगळे राहिलेले नाहीत, एकमेकांत मिसळू लागलेत. पण हे झालं गाभ्याचं. कडेचे गुच्छ विश्वाच्या प्रसरणाबरोबर लांबच जात राहणार, सगळं मिळून एका बंधनात नाही. म्हणून महागुच्छ म्हणायला माझं मन धजत नाही, इथे महासमूह बरोबर बसतो.

एक्स-रेला क्ष-किरणच ठेवा, ते शोधणाऱ्या राँटगेनने १८९५ मध्ये अज्ञात म्हणून एक्स म्हटलं आणि आपल्या बीजगणितातला अज्ञात म्हणजे क्ष, इतकं चपखल भाषांतर क्वचित जमतं.

तुमच्या इंग्रजी शीर्षकातल्या डेन्ससाठी घन नको, घन म्हटलं की घनफळ नाहीतर घनपदार्थ आठवतो, वस्ती किंवा झाडी जशी दाट असते तसं दाटच लिहा. तर तुमचं शीर्षक मी असं करेन: दाट महासमूहातल्या दीर्घिकागुच्छांची क्ष-किरण निरीक्षणं.